मुखवट्यामागचा हजेरीपट

कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाने चित्रपटातल्या खलपुरुषावर काय बोलावे, असे आपणांस वाटेल. पण चित्रपट हाही एक कारखानाच आहे. आणि काम कोणी केले व नाव कोणाचे झाले, हा प्रश्न तेथेही आहेच.

१९७७ साली जॉर्ज लुकस या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला. त्यातील डार्थ व्हेडर आपादमस्तक काळ्या वेषात असतो, चेहरा मुखवट्याआड. प्रेक्षकाला वाटते, आत एकच माणूस आहे. वस्तुतः देह होता डेव्हिड प्राउझ या साडेसहा फूट उंचीच्या इंग्रज वेटलिफ्टरचा. त्याने चित्रीकरणात संवादही म्हटले. परंतु पडद्यावर ऐकू आला तो जेम्स अर्ल जोन्सचा आवाज. श्वासाची ती घरघर बेन बर्ट या ध्वनितंत्रज्ञाने पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून मिळविली. १९८० व १९८३ च्या पुढील चित्रपटांत तलवारीची झुंज खेळला बॉब अँडरसन, जो १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनतर्फे उतरला होता. १९८३ मध्ये मुखवटा उतरला, तेव्हा चेहरा निघाला सेबॅस्टियन शॉचा!

आता हजेरीपट पाहा. पहिल्या दोन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत जोन्सचे नाव नव्हते. ते मात्र त्याच्याच इच्छेने. अँडरसनचे तसे नव्हते. झुंज त्याची, हे १९८३ साली सहनट मार्क हॅमिलने मुलाखतीत सांगितले, तेव्हा कोठे लोकांना कळले. मुखवटा जितका जाड, तितकी मागच्या माणसाची नोंद पुसट.

मग संगणक आला. २०१६ च्या ‘रोग वन’ मध्ये टार्किन या दुसऱ्या खलपुरुषाला पीटर कुशिंगचा चेहरा दिला गेला. कुशिंग १९९४ सालीच वारला होता. वारसांची संमती घेतली होती. पण त्या चेहऱ्याखाली चालला-बोलला तो गाय हेन्री हा जिवंत नट. त्याच चित्रपटात व्हेडरचा पोशाख घालूनही माणसेच उभी होती. म्हणजे यंत्राने माणूस हटविला नाही. त्याच्यावर आणखी एक मुखवटा चढविला.

२०२२ साली एका मालिकेसाठी जोन्सचा तरुणपणीचा आवाज संगणकाने घडविला, तो त्याच्या संमतीने. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेतील नटांच्या संघटनेने ११८ दिवस संप केला. नटाची संगणकीय प्रतिकृती करावयाची तर त्याची संमती आणि मोबदला हवा, ही त्यातील एक मुख्य मागणी होती. करारात ती उतरली. सप्टेंबर २०२४ मध्ये जोन्स वारला. २०२५ साली ‘फोर्टनाइट’ या खेळात यंत्रनिर्मित आवाजाचा व्हेडर बोलू लागला. कुटुंबाची परवानगी होती. तरीही संघटनेने तक्रार गुदरली. तिचे म्हणणे असे, की आवाजाची कामे करणाऱ्या नटांचे काम यंत्राकडे देताना आमच्याशी वाटाघाटी व्हावयास हव्या होत्या.

हा भेद ध्यानात घ्या. वारसाने आपला हक्क विकणे वेगळे, आणि उद्या त्या कामावर उभा राहणाऱ्याच्या पोटाचा प्रश्न वेगळा. पहिल्यावर एकाची सही पुरते. दुसऱ्यासाठी संघटना लागते.

माझा यंत्राला विरोध नाही. पोशाखातला नट चांगला की संगणकाचा, हे प्रेक्षकांनी ठरवावे. पण पडद्यावरचा राक्षस कशाचाही बनलेला असो, त्याच्या आत कोणाचे तरी श्रम असतात. चित्रपट संपून नामावली सरकू लागते, तेव्हा आपण चपला शोधत उठतो. पुढच्या खेपेला दोन मिनिटे बसा. तो हजेरीपट आहे. कोण हजर आहे, आणि कोणाचे नाव गळले आहे, ते पाहा.