नेल्सनचा डोळा

डोळा, कान, नाक, हात, पाय... इंग्रजीत कशाकशावरून वाक्प्रचार आहेत! त्यातल्या 'टर्न अ ब्लाइंड आय'मागे तर एक अख्खी लढाई आहे. (शब्दप्रयोग तसा लढाईआधीही सापडतो, पण गाजला तो तिच्यामुळे.)

तर झालं असं. रशिया, डेन्मार्क, स्वीडन वगैरेंनी एकी केली, की आमची व्यापारी जहाजं इंग्रजांना तपासू द्यायची नाहीत. ती मोडायला २ एप्रिल १८०१ रोजी ब्रिटिश आरमाराने कोपनहेगनवर हल्ला केला. प्रमुख होता सर हाइड पार्कर. पण उथळ पाण्यात शिरून प्रत्यक्ष लढत होता त्याच्या हाताखालचा नेल्सन. उजव्या डोळ्याची नजर १७९४ साली कॉर्सिकात गमावलेला, उजवा हात १७९७ साली टेनेरिफला. (डोळ्यावर काळी पट्टी मात्र तो बांधत नसे, ती सिनेमावाल्यांची!)

नेल्सनची तीन जहाजं गाळात रुतली. डॅनिश तोफा थंडावेनात. लांबून बघणाऱ्या पार्करचा धीर सुटला आणि त्याने झेंड्यांनी ३९ नंबरचा इशारा दिला: लढाई थांबवा. नेल्सनने दुर्बीण अधू डोळ्याला लावली आणि "मला तर काही इशारा दिसत नाही बुवा" असं म्हणाला म्हणे. दुर्बिणीचा हा किस्सा छापून आला १८०९ सालच्या चरित्रात, नेल्सन गेल्यावर चार वर्षांनी. त्यामुळे काही इतिहासकारांना तो मीठमसाला वाटतो. पण त्याने लढाई थांबवली नाही आणि 'जवळ भिडून लढा' हा स्वतःचा १६ नंबरचा इशाराही उतरवला नाही, हे नक्की. दुपारी डॅनिश तोफा थंडावत गेल्या, तहाची बोलणी सुरू झाली. पुढच्या महिन्यात पार्करला परत बोलावलं आणि त्याच्या जागी आला नेल्सन.

गोष्ट सहसा इथेच संपवतात. पण तोच इशारा एडवर्ड रिऊ नावाच्या कॅप्टननेही पाहिला होता. ट्रेक्रोनर किल्ल्याच्या तोफांसमोर तो छोटी जहाजं घेऊन उभा होता. त्याने हुकूम पाळला. माघारी वळताना जहाजाची पाठ तोफांसमोर उघडी पडली आणि एका गोळ्याने तो जागीच गेला. त्याच्यावरून कुठला वाक्प्रचार नाही.

मराठीत आपण याला कानाडोळा म्हणतो. त्यात कानाचा संबंध नाही बरं का! जुनं रूप काणाडोळा, आणि काणा म्हणजे एका डोळ्याने अधू. नेल्सनला अगदी फिट्ट!

फक्त एक लक्षात ठेवायला हवं. नेल्सनला इशारा कळला होता. हरला असता तर हुकूम मोडल्याचा सगळा ठपका त्याच्या एकट्यावर आला असता, आणि ते माहीत असूनच तो लढत राहिला. मॅनेजरचा मेल 'पाहिलाच नाही' म्हणणारे आपण मात्र नेमका तो ठपकाच टाळायला बघतो. दोन्हीला शब्द एकच, एवढंच!