तारापूर : वीज आधी, तपासनीस नंतर

तारापूरचं नाव निघालं की आपण 'देशातलं पहिलं अणुवीज केंद्र' म्हणतो आणि पुढे जातो. मला मात्र दोन तारखा महत्त्वाच्या वाटतात. तिथे व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली ऑक्टोबर १९६९ मध्ये. अणुभट्ट्यांना परवाने देणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आलं नोव्हेंबर १९८३ मध्ये. मधली चौदा वर्षं भट्टी चालवणारं आणि तिची सुरक्षितता तपासणारं खातं एकच!

मंडळ आलं, तेही अणुऊर्जा आयोगाच्या हाताखाली. आणि आयोगाचे अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचे सचिव. परीक्षार्थी आणि परीक्षक एकाच घरचे. २०१२ साली 'कॅग'नेही मंडळाच्या स्वायत्ततेवर बोट ठेवलं.

देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा जेमतेम ३ टक्के. तो वाढवायचा तर वाढवा, माझा विरोध नाही. पण तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकाच्या भट्ट्यांसाठी पोफरण-अक्करपट्टीच्या लोकांनी गावं सोडली, हे विसरू नका. उद्या जैतापूर असो वा आणखी कुठे, मेगावॅटचे आकडे सगळेच सांगतील. आपण एवढंच विचारायचं : परवाना कोण देणार, आणि वेळ आली तर 'नाही' म्हणायची ताकद त्याच्यात आहे का?