बागांनी राखलेले शहर : दमास्कसचा वेढा, ११४८

इसवी सन ११४८ च्या जुलै महिन्यात जर्मनीचा राजा तिसरा कॉनराड, फ्रान्सचा राजा सातवा लुई आणि जेरुसलेमचा तरुण राजा तिसरा बाल्डविन हे तिघे आपापल्या फौजांसह दमास्कसपुढे येऊन ठाकले आणि अवघ्या पाच दिवसांत, तटाला एकही खिंडार न पाडता, परत फिरले. पोपच्या आवाहनावरून आणि पापक्षालनाच्या आश्वासनावर, अंगरख्यावर क्रुसाचे चिन्ह शिवून ख्रिस्ती योद्धे ज्या धर्मयुद्धांना निघत त्यांना क्रुसेड म्हणतात. त्यांपैकी दुसऱ्या क्रुसेडचा सारा जोर या एका वेढ्यात पणाला लागला होता. एवढ्या तयारीचा इतक्या लवकर विचका कसा झाला, याचे उत्तर त्या काळच्या ख्रिस्ती लेखकांनी फितुरीत शोधले. ते उत्तर पराभूतांच्या सोयीचे होते, परंतु दमास्कसची भूमी आणि तिचे पाणी नीट पाहिले तर त्याची फारशी गरज उरत नाही.

पहिल्या क्रुसेडमधून सीरिया आणि पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात चार ख्रिस्ती राज्ये उभी राहिली होती. तिथल्या पाश्चात्त्य रहिवाशांना अरब ‘फिरंज’ म्हणत, म्हणजे फ्रँक. मराठीतला ‘फिरंगी’ हा शब्द फारसीच्या वाटेने याच मुळापासून आला आहे. या चार राज्यांपैकी एडेसा हे ११४४ च्या डिसेंबरात मोसूल आणि अलेप्पोचा सत्ताधीश झेंगी याने जिंकले, आणि त्या बातमीने हादरलेल्या युरोपात पोप तिसरा यूजीनियस याने नव्या मोहिमेची हाक दिली. ३१ मार्च ११४६ रोजी वेझले येथे क्लेअरवोचा मठाधिपती बर्नार्ड याने केलेल्या प्रवचनानंतर स्वतः लुईने क्रूस घेतला आणि वर्षअखेरीस कॉनराडही तयार झाला. मात्र आजच्या तुर्कस्तानातून जाताना सेल्जुक तुर्कांनी दोन्ही सैन्यांची धूळधाण उडवली, आणि ११४८ च्या उन्हाळ्यात पॅलेस्टाइनमध्ये जे जमले ते मूळ सैन्याचे अवशेष होते. तोवर एडेसाही पुन्हा लुटले जाऊन उजाड झाले होते, त्यामुळे ज्या शहरासाठी ही मोहीम निघाली ते परत घेण्यासारखे उरलेच नव्हते.

२४ जून ११४८ रोजी आक्र्याजवळ तिन्ही राजांची आणि सरदारांची सभा भरली आणि तीत दमास्कसवर चालून जाण्याचे ठरले. हा निर्णय इतिहासकारांना दीर्घकाळ कोड्यात टाकत आला आहे, कारण दमास्कस हे जेरुसलेमचे मित्रराज्य होते. तिथे बुरिद घराण्याच्या नावाने मुईनुद्दीन उनुर हा अताबेग कारभार पाहत असे. अताबेग म्हणजे अल्पवयीन वा दुबळ्या राजपुत्राचा पालक असलेला, आणि बहुधा त्याच्या आडून स्वतःच राज्य करणारा सेनापती. झेंगीने दमास्कसला घेरले तेव्हा याच उनुरने जेरुसलेमकडे मदत मागून दरमहा २०,००० सुवर्णनाण्यांचा खर्च कबूल केला, आणि ११४० मध्ये मुसलमान व ख्रिस्ती सैन्यांनी खांद्याला खांदा लावून बानियासचा किल्ला झेंगीच्या पक्षाकडून घेतला. धर्माच्या नावाने लढल्या गेलेल्या या युद्धांत कोण कोणाच्या बाजूने उभा राहील हे बहुतेकदा शेजाऱ्याच्या धाकावरून ठरत असे. पण सभेचा निर्णय निव्वळ मूर्खपणाचा होता असेही म्हणता येत नाही. ११४७ मध्ये दमास्कसच्या एका बंडखोर सुभेदाराला हाताशी धरून जेरुसलेमच्या फौजेने हौरान प्रांतात चढाई केली होती, ती परतवण्यासाठी उनुरने झेंगीचा मुलगा आणि त्याच्यामागून अलेप्पोचा धनी झालेला नूरुद्दीन याची मदत घेतली होती आणि त्याच वर्षी आपली मुलगीही त्याला दिली होती. मैत्रीला तडा गेलेला होता, आणि अलेप्पो व दमास्कस एका हाती जाण्यापूर्वी दमास्कस घ्यावे हा हिशेब लष्करी दृष्टीने समजण्याजोगा होता.

चुकला तो हिशेब वेगळाच. अँटी-लेबनॉन पर्वतातून उतरणारी बरदा नदी दमास्कसजवळ अनेक फाट्यांत विभागली जाते आणि त्यांच्या पाटांवर शहराभोवती ‘घूता’ नावाचा बागाईत पट्टा पोसला जातो. त्यापलीकडे पूर्वेला वाळवंट लागते. पश्चिमेकडून येणाऱ्या सैन्याला प्रथम या बागाच आडव्या येत. जर्दाळू, अंजीर, डाळिंब आणि अक्रोड यांच्या या बागा म्हणजे मोकळे रान नव्हते. प्रत्येक मालकाने आपल्या वाट्याच्या जमिनीला मातीची भिंत घातलेली, दोन भिंतींमधली वाट माळ्याला लादलेले जनावर हाकत जेमतेम जाता येईल एवढीच रुंद, आणि आत जागोजागी उंच माड्या होत्या. या लढाईचे वर्णन पुढे टायरचा आर्चबिशप विल्यम याने केले आहे. त्याच्या सांगण्यानुसार भिंतींना आतून भोके पाडून ठेवलेली होती आणि वाटेने जाणाऱ्या शिपायाच्या बरगडीत भाला शिरेपर्यंत तो धरणारा हात त्याला दिसत नसे, तर वरून माड्यांतून बाणांचा वर्षाव चालू असे. घोडदळाच्या मुसंडीवर भिस्त ठेवणाऱ्या फ्रँक सैन्याला याहून वाईट रणभूमी मिळाली नसती. तरीही २४ जुलैच्या लढाईत त्यांनी भिंती पाडत, बागा ओलांडत नदीचा काठ गाठला. तिथे अडलेल्या सैन्याला वाट करून देण्यासाठी कॉनराड आपल्या सरदारांसह घोड्यावरून उतरून पायी लढला. पाणी हाती आले, फळे हाती आली, आणि शहरातले लोक रस्त्यांवर मोठमोठी लाकडे आडवी टाकून शेवटच्या लढाईची तयारी करू लागले.

शहराच्या बाजूने ही हकीकत इब्न अल-कलानिसी याने लिहून ठेवली आहे. हा दमास्कसचाच रहिवासी, दोनदा शहराचा रईस, म्हणजे नागरिकांचा प्रमुख, राहिलेला आणि वेढ्याच्या वेळी सत्तरी ओलांडलेला होता. शहर केवळ पगारी सैनिकांनी राखले नाही, हे त्याच्या वृत्तांतावरून स्पष्ट होते. ‘अहदास’ नावाची नागरी पथके आणि आसपासच्या खेड्यांतले शेतकरी वाटांवर दबा धरून बसत आणि गाठलेल्या फ्रँकांची मुंडकी बक्षिसासाठी शहरात आणीत. अल-फिंदलावी हा मालिकी पंथाचा वृद्ध न्यायशास्त्री पायी लढायला निघाला, तेव्हा उनुरने त्याच्या वयाकडे पाहून त्याला मागे फिरण्याची विनंती केली. ती त्याने मानली नाही आणि नदीजवळच्या झुंजीत तो मारला गेला. पुढे ज्याच्या नावाने जेरुसलेम थरारले त्या सलाहुद्दीनचा थोरला भाऊ शाहानशाह हाही याच लढाईत पडला. दरम्यान बिका खोऱ्यातून तिरंदाज येऊन मिळाले, आणि नूरुद्दीन व त्याचा भाऊ मोसूलचा सैफुद्दीन हे कुमक घेऊन निघाल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

अशा वेळी, २७ जुलैला, क्रुसेडच्या पुढाऱ्यांनी पश्चिमेचा तळ उठवून तो शहराच्या पूर्वेकडच्या अंगाला नेला. त्या बाजूला बागा नव्हत्या, तट कमकुवत असल्याचे सांगितले जात होते आणि घोडदळाला मैदान मिळणार होते. नव्हते ते पाणी, आणि धान्यही नव्हते, कारण शहर झटपट पडेल या भरवशावर थोड्याच दिवसांची रसद सोबत घेतलेली होती. पश्चिमेला परत जावे तर सोडलेल्या वाटा दमास्कसच्या लोकांनी दगड आणि झाडे टाकून बंद केल्या होत्या आणि तिथे तिरंदाज बसवले होते. जुलैच्या उन्हात, नदी डोळ्यांसमोर असून, तहानेने कोरडे पडलेले सैन्य २८ जुलैला माघारी वळले. वाटेत त्याच्यावर पाठीमागून हल्ले होत राहिले, आणि मागे राहिलेल्या माणसांच्या व घोड्यांच्या प्रेतांची दुर्गंधी इब्न अल-कलानिसीने आवर्जून नोंदवली आहे.

तळ हलवण्याचा सल्ला कोणी दिला, यावर लगेचच वाद पेटला. विल्यम वेढ्याच्या वेळी युरोपात शिकत होता. परतल्यावर त्याने जाणत्या लोकांना खोदून विचारले, तेव्हा प्रत्येकाने वेगळेच नाव घेतले. कोणी म्हणे, जिंकल्यावर दमास्कस फ्लँडर्सच्या काउंटला मिळणार हे कळताच स्थानिक सरदारांचे मन विटले. कोणी चार ख्रिस्ती राज्यांपैकी अँटिऑकचा अधिपती रेमंड याच्यावर आरोप केला, तर कोणी लाच घेतल्याचे सांगितले, आणि लाचेचे सोने तांब्याचे निघाल्याची कथाही पसरली. या कथा एकमेकींशी जुळत नाहीत, हाच त्यांच्यावरचा मोठा आक्षेप होय. ईश्वराच्या आज्ञेने निघालेली मोहीम हरली, तर दोष माणसाच्या पापात किंवा कपटातच शोधावा लागे. बर्नार्डने तो क्रुसेडकऱ्यांच्या पापांत पाहिला. वास्तविक चालून येणारी कुमक, संपत आलेली रसद आणि दिवसेंदिवस माणसे गिळणाऱ्या बागा यांच्या कचाट्यात सापडलेल्या सेनापतींनी एक शेवटचा धाडसी डाव टाकून पाहिला, हे स्पष्टीकरण साधे आहे आणि दोन्ही बाजूंच्या वृत्तांतांना पुरून उरते.

कॉनराड सप्टेंबरातच निघून गेला आणि लुई पुढच्या वर्षीच्या ईस्टरनंतर परतला. मागे उरलेल्या जेरुसलेमच्या वाट्याला मात्र एक दुरावलेला शेजारी आला. ११४९ च्या ऑगस्टमध्ये उनुर मरण पावला, आणि दोन बलाढ्य शत्रूंमध्ये तोल सांभाळून दमास्कसचे स्वातंत्र्य टिकवणारा कोणी उरला नाही. नूरुद्दीनने घाई केली नाही. त्याने शहराकडे येणारे धान्य रोखले, दमास्कसच्या लोकांची मने वळवली, आणि २५ एप्रिल ११५४ रोजी, ज्या पूर्वेच्या अंगाला फ्रँक सैन्य तहानेने खचले होते, त्याच बाजूने त्याचे सैनिक आत शिरले: तटावरून एका स्त्रीने दोर सोडला, आणि पूर्व दरवाजा कुऱ्हाडीच्या घावांनी उघडला गेला. शहराने फारसा प्रतिकार केला नाही. नव्या धन्याने लवकरच जे कर माफ केले त्यांत टरबुजांच्या बाजारावरचा, भाजीबाजारावरचा आणि बरदेच्या पाटांवरचा कर होता.