शिकविणाऱ्यांचे शिकणे

आपल्या मंडळात निवृत्त शिक्षिका काही थोड्या नाहीत. त्यांच्या बोलण्यात 'पाठ टाचण', 'सराव पाठ', 'दिपोटीसाहेबांची तपासणी' हे शब्द सहज येतात. पण मास्तर आणि मास्तरणी शिकविण्याचे काम मुळात शिकल्या कोठे, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. त्यातील चार गोष्टी येथे मांडीत आहे.

जुनी गावठी शाळा पंतोजीची. ज्याला अक्षर-हिशेब येतो त्याला शिकविता येतेच, असा तेव्हाचा समज होता. (तो आजही पुरता गेला आहे असे वाटत नाही.) मुंबईत १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी 'नॉर्मल क्लास' निघाला आणि त्याची सूत्रे बाळशास्त्री जांभेकरांकडे आली. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी ते निवर्तले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजावर १८६५ साली कृष्णशास्त्री चिपळूणकर प्राचार्य झाले. त्यांच्या हाती 'मराठी शालापत्रक' हे मासिकही होते. एकदा ट्रेनिंग घेऊन खेड्यात गेलेल्या मास्तराला नोकरीत असतानाही काही नवे वाचावयास मिळावे, ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते. पुढे ते विष्णुशास्त्र्यांकडे आले आणि १८७५ मध्ये बंद पडले. सरकारी मासिकात सरकारला न रुचणारे लेख येऊ लागल्यावर दुसरे काय व्हावयाचे!

हे सारे पुरुषांचे झाले. मुलींसाठी शाळा निघाल्या, पण त्यांत शिकवावयास बायका आणावयाच्या कोठून? सावित्रीबाई फुले यांना जोतीरावांनी घरीच शिकवून तयार केले, तेव्हा १८४८ ची शाळा उभी राहिली. प्रत्येक गावी असे घर कोठून मिळणार? मेरी कार्पेंटर या इंग्रज विदुषी १८६६ साली हिंदुस्थानात आल्या. स्त्रीशिक्षिकांसाठी स्वतंत्र विद्यालये हवीत, हे त्यांनी सरकारच्या मनावर बिंबविले, आणि १८७० साली पुण्यास मुलींचे ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. १८८२ च्या हंटर कमिशनने सुचविले, की मास्तरांच्या बायकांना आणि विधवांना या कामासाठी मुद्दाम उत्तेजन द्यावे. सूचना व्यवहाराची होती यात शंका नाही. पण तिचा अर्थ पाहा : नवऱ्याच्या बदलीबरोबर जिची बदली होईल ती, किंवा जिला घर उरले नाही ती, एवढ्याच दोघी शिक्षिका होऊ शकत होत्या. पुढे पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानड्यांनी आणि हिंगण्यास अण्णासाहेब कर्व्यांनी अशा कितीतरी भगिनींना पायावर उभे केले. कर्व्यांनी प्राथमिक शिक्षिकांसाठी अध्यापिका शाळा काढली ती १९१७ साली. तरी अडचण सुटली नव्हती. खेड्यात एकटी बाई राहणार कशी, हा प्रश्न १९२९ च्या हारटॉग समितीलाही पडला होता. शिक्षकांसाठी वरचेवर उजळणी वर्ग आणि परिषदा भरवाव्यात, असेही याच समितीने सांगितले.

याच हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी एक मागणी ठेवली होती. खेड्यातला शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातला असावा, त्याला नांगर धरता यावा, लोकांत मिसळता यावे, आणि त्याला पगारही बरा मिळावा, असे त्यांचे म्हणणे. या मागणीचे मोल आपल्या खानदेशात लवकर कळते. पुस्तकात 'मुलगी' असते. अहिराणी घरात ती 'आंडेर' असते. जळगावकडे लेवा गणबोली आणि तावडी, सातपुड्याच्या पायथ्याला शिरपूर, चोपडे, यावलकडे पावरी आणि भिली. ज्या बहिणाबाईंचे नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी उतरून घेतली म्हणून राहिली. घरच्या बोलीत केवढे भांडार असते हे त्यावरून दिसते. पहिलीच्या वर्गात हेच भांडार पुष्कळदा 'अशुद्ध' ठरते आणि पोर गप्प बसते.

ट्रेनिंग कॉलेजाच्या दोन वर्षांत हे कळतेच असे नाही; मुलांजवळ राहून ते कळते. साने गुरुजी अमळनेरला आले ते तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. १९२४ ते १९३० ते प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात ते मुलांबरोबर राहत आणि त्यांच्यासाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढीत. मुलांच्या मनाचा अभ्यास त्यांनी तेथे केला, असे मी मानते.

याच रीतीने पण अधिक पद्धतशीर काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. १९४५ साली बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षिका तयार करण्याचे काम तेथे अशा प्रत्यक्ष शाळांच्या शेजारी चाले. अनुताई स्वतः बालविधवा होत्या, हे येथे सांगावेसे वाटते.

पुढचा काळ समित्यांचा. कोठारी आयोगाने (१९६४-६६) म्हटले, की दर पाच वर्षांच्या नोकरीत शिक्षकाला दोन-तीन महिने तरी पुन्हा शिकावयास मिळावेत. १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत 'डाएट' संस्था आल्या. मग केंद्रप्रमुख नेमले गेले आणि जवळपासच्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद केंद्रात भरू लागली. २०२० च्या धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापक यांच्यासाठी वर्षाला किमान ५० तास सांगितले आहेत. पूर्वी पुण्यास जावे लागे, ते आता चालत जाण्याच्या अंतरावर आले, ही मोठीच गोष्ट. पण हे तास परिपत्रके वाचण्यात आणि माहिती भरण्यात गेले तर काय उपयोग? एकीने आपला पाठ घ्यावा, दहाजणींनी तो पाहावा आणि न रागावता बोलावे, हे त्या तासांत व्हावयास हवे.

आपल्याकडे दूरच्या जिल्ह्यांतून नव्या शिक्षिका येतात. त्यांना मराठी येते, अहिराणी येत नाही. आपल्या शेजारी अशी कोणी राहावयास आली तर तिला खोली मिळवून द्यावी, आणि संध्याकाळी ओट्यावर बसवून आपल्या बोलीतले चार शब्द रोज सांगावेत. मंडळातल्या निवृत्त भगिनींनी यासाठी आठवड्यातला एक दिवस दिला, तर सुरुवात येत्या जूनपासून करता येईल.