कापसाच्या मुलखातली गोधडी

१८७० साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. लांबी सुमारे १३ किलोमीटर, पण उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा फाट्याचं एवढं अप्रूप कापसापायी होतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडच्या कापसाची आवक आटली आणि लँकेशायरच्या गिरणीवाल्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. वऱ्हाड १८५३ मध्येच निजामाकडून कंपनी सरकारच्या हाती गेलं होतं. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या वाटेनं मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला. पाठोपाठ खामगावला तारायंत्र आलं, कापूस दाबायचे वाफेवरचे प्रेस आले, आणि आज बुलडाणा जिल्ह्यात असलेलं हे गाव वऱ्हाडातल्या सगळ्यात मोठ्या कापूसबाजारांपैकी एक झालं.

या बाजाराची नोंद तपशिलानं झाली. किती गाठी बांधल्या, काय भाव फुटला, माल कुठल्या बंदराला गेला, हे सरकारी कागदांत आणि व्यापाऱ्यांच्या वह्यांत सापडतं. तो कापूस पिकवणारं घर पौषातल्या रात्री काय पांघरत होतं, याची नोंद मात्र घरातल्या वलणीवरच होती. तिथे गोधडी असायची. तिच्यात नवा कापूस क्वचितच असे. असायची ती जुनी लुगडी, विटलेली धोतरं, पोरांचे फाटके सदरे.

घरात कापसाचे ढीग आणि अंगावर चिंध्या, हे कोडं वाटतं खरं. पण शेतकऱ्याच्या हिशेबात ते सरळ होतं. १८६० च्या दशकात वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन सारा ठरू लागला, आणि तो रोखीत भरायचा होता. सारा, सावकाराचं देणं, पुढच्या हंगामाचं बी, लेकीचं लग्न, सगळ्यांची भिस्त त्या एका पिकावर. गाडीत भरलेला कापूस म्हणजे पैसा होता. तो पोराच्या अंथरुणात घालून कोण झोपणार?

दुसरं कारण गोधडीच्या गुणाचं. कापूस भरलेली रजई पाण्यात घालता येत नाही. भिजली की आतले गोळे एका कोपऱ्यात जातात. मग ती उसवायची, पिंजाऱ्याकडे न्यायची, धुनकीवर कापूस पुन्हा मोकळा करून घ्यायचा आणि त्याची मजुरी द्यायची. गोधडीला यातलं काही लागत नाही. थरांवर थर टाक्यांनी जखडलेले असतात, त्यामुळे नदीवर नेऊन दगडावर आपटली तरी आतला कपडा जागचा हलत नाही. पैनगंगा बुलडाण्याजवळच्या डोंगरात उगम पावते. ती, पूर्णा, खडकपूर्णा, नळगंगा, ज्ञानगंगा या नद्यांचे काठ घटस्थापनेआधी गोधड्यांनी भरलेले पाहिलेली माणसं आजही गावोगाव आहेत. नवरात्राआधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा नेम होता. रजई त्या नेमात बसत नाही.

पांघरूण म्हणून धनगरांनी विणलेली घोंगडीही होतीच. पण घोंगडी विकत घ्यावी लागे, आणि ती बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या खांद्यावर असे. बाकीच्या घराला गोधडीच. घाटावरची आणि घाटाखालची, अशी जिल्ह्याची दोन अंगं इथले लोक बोलता बोलता सांगतात. घाटाखाली पूर्णेच्या काठची काळी जमीन आणि कापूस. घाटावर अजिंठ्याच्या डोंगररांगेतली चिखली, बुलडाणा, मेहकरकडची गावं, जिथे हिवाळा जास्त बोचतो. दोन्हीकडे पिकाच्या राखणीला जागल असे. जागलीला जाणाऱ्याच्या डोक्यावर गोधडीची गुंडाळी ठरलेली.

गोधडी शिवायचा काळ उन्हाळ्याचा. कापूस विकला गेलेला, रब्बीची खळी आटोपलेली आणि मृगाला अजून अवकाश. चैत्र-वैशाखात घराच्या सावलीला शेणानं सारवलेल्या अंगणात आधी एक लुगडं पसरायचं, ताणायचं आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. नऊवारी लुगडं असलं की खालचा आणि वरचा असे दोन्ही पदर त्यातूनच निघत. मधे थर घालायचे: धोतराचे तुकडे, पोलकी, सदरे. त्याआधी गुंड्या, नेफे आणि जाड शिवणी कापून टाकायच्या, नाहीतर सुई तिथे अडते आणि मोडते. पातळ जागा शोधून तिथे आणखी एक तुकडा सरकवायचा. मग वरचं लुगडं, त्यावर मोठाले कच्चे टाके, आणि काठाकडून धावदोरा सुरू. एक फेरी झाली की दोन बोटं आत दुसरी, तिच्या आत तिसरी. चौकोनात चौकोन असं करत मधाकडे जायचं.

काठ कुणालाही येतो. नवी नवरीसुद्धा दोन दिवसांत चार-सहा फेऱ्या सरळ घालते. अडचण येते ती शेवटच्या हातभर चौकोनात. प्रत्येक फेरीगणिक वरचं कापड केसभर पुढे सरकलेलं असतं. पंचवीस-तीस फेऱ्यांत ते साठत जातं आणि मधे फुगा धरतो. तसंच शिवत गेलं तर चुण्या पडतात, आणि चुणीवरची गोधडी पहिल्या धुण्यात तिथेच फाटते. कितीतरी गोधड्या या टप्प्यावर अर्धवट राहतात, घडी करून कोठीत जातात.

अशा वेळी गल्लीतली जाणती बोलावली जाई. ती नात्यातली असेलच असं नाही. शेजारीण असे, नदीवरची सोबतीण असे, वयानं मोठी मैत्रीण असे.

“मधात झोळ आला वो मावशी.”

“तं उसव ना माय. उसवाले कायचं भेव?”

ती आधी सुई हातात घेतच नाही. तळवा फिरवते. वरचं कापड कुठे सैल आहे आणि आतली चिंधी कुठे गोळा झाली आहे, हे डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळतं. मग आतल्या तीन-चार फेऱ्या उसवते, आतला दुमडलेला तुकडा बाहेर काढते किंवा पसरवते, वरचं कापड उभ्या धाग्याच्या दिशेनं ओढून चारही बाजूंना सारखं वाटून देते. उरलेला सैलपणा एकाच जागी न ठेवता प्रत्येक टाक्यात थोडाथोडा जिरवायचा, हे तिचं खरं कसब. त्यानंतर दोघी समोरासमोर बसतात. एकीनं गुडघ्याखाली कापड दाबून ताण धरायचा, दुसरीनं टाका घालायचा. दमली की अदलाबदल. एकटीला हे साधत नाही, कारण ताण धरायला आणि सुई चालवायला मिळून दोन हात अपुरे पडतात. शेवटी लुगड्याचा काठ कडेवर दुमडून पक्का केला की गोधडी झाली.

या मदतीला मजुरी नव्हती. शेतीत बैलांची आणि माणसांची सावड चालते तशीच ही सावड. आज तू माझ्या अंगणात, परवा मी तुझ्या. घरात बाळंतपण असलं तर दुपटं आधी. त्यासाठी आजीचं सगळ्यात मऊ झालेलं लुगडं राखून ठेवलेलं असायचं. गेलेल्या माणसाचं वस्त्रही गोधडीत जाई. म्हातारीचं लुगडं तिच्या नातवंडांच्या अंगावर पुढची पंधरा-वीस वर्षं राही.

जुन्या कपड्याला किंमत होती, हे विसरून चालणार नाही. बोहारीण दारात येई, तिच्या टोपलीत भांडी, आणि घरच्या बाईला तिथल्या तिथे ठरवावं लागे: हे लुगडं देऊन पातेलं घ्यायचं की गोधडीला ठेवायचं. घरातल्या फार थोड्या गोष्टींवर बाईची एकटीची सत्ता चाले, त्यातली ही एक. दुसऱ्या महायुद्धात हा हिशेब आणखी कठीण झाला. १९४३ मध्ये सरकारनं सुती कापडावर आणि सुतावर नियंत्रण आणलं, कापड मापून मिळू लागलं. कापूस पिकवणाऱ्या मुलखात लोकांनी कापडासाठी रांगा लावल्या. लुगडं विरेपर्यंत नेसलं जायचं, मग गोधडीत जायला त्याच्यात उरणार किती?

याच वऱ्हाडात गोधडी पांघरून फिरणारा एक माणूस साऱ्या महाराष्ट्राचा झाला. गाडगे महाराज. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावात जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घेत, म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. गरिबाच्या घरात जे अंथरूण-पांघरूण होतं, तेच त्यांनी पोशाख म्हणून घेतलं. त्यांच्या कीर्तनाला बसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागलं नसेल.

खामगावचा भाव ज्या अमेरिकी यादवी युद्धानं चढवला, त्याच युद्धाच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या अलाबामात गीज बेंड नावाची वस्ती आहे. युद्धाआधी तिथे गुलाम कापूस वेचत. युद्धानंतर त्यांचेच वंशज खंडानं तीच जमीन कसत राहिले. तिथल्या बायकांनीही झिजलेल्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. तुकडे जोडायचे ते एकटीनं, आणि थर टाचून गोधडी पुरी करायची ती चौघींनी मिळून, अशी त्यांची रीत. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. २००२ साली त्यांच्या गोधड्या आधी ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, आणि २००६ साली अमेरिकी टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. दोन्हीकडे कापूस बाहेर गेला आणि पिकवणाऱ्यांना त्याच्या चिंध्या उरल्या. त्या चिंध्यांचं मोल तिथे ओळखलं गेलं. आपल्याकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर सचित्र पुस्तक केलं, हे मोठं काम झालं. पण तालुक्या-तालुक्यातलं हे कसब टिपायला एक पुस्तक कसं पुरेल?

गेल्या चार-पाच दशकांत सुती लुगडं घरातून गेलं आणि पॉलिस्टरची साडी आली. ती विरत नाही, घाम टिपत नाही, आणि टाक्याखाली सरकते. म्हणजे मधला झोळ पूर्वीपेक्षा लवकर येतो आणि जाणतीची गरज पूर्वीपेक्षा जास्त लागते. नेमक्या याच काळात बाजारात मऊ ब्लँकेटं स्वस्त झाली. बचत गटांच्या बायका प्रदर्शनांत गोधड्या विकतात, त्यातल्या पुष्कळ मशीनवर मारलेल्या असतात. त्यांना नाव ठेवण्याचं कारण नाही. त्यातून घरात चार पैसे येतात. पण मशीन कडेपासून कडेपर्यंत सरळ रेघा मारते. मधाकडे जाणारे चौकोन आणि तिथला ताण वाटून देणारा हात तिच्यात नाही. हे कसब कागदावरून येत नाही. जाणतीच्या शेजारी बसूनच येतं, आणि ते येणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत.

तेव्हा बुलडाण्याकडच्या वाचकांना एक विनंती. येत्या नवरात्राआधी गोधड्या धुवायला काढाल तेव्हा प्रत्येकीचा उलट-सुलट फोटो घ्या, आणि शिवणारीचं नाव, गाव, कुणाचं लुगडं आत आहे आणि अंदाजे साल एका कापडी पट्टीवर लिहून ती पट्टी मागच्या कोपऱ्यात टाचून ठेवा. कोठीत अर्धवट गोधडी असेल तर ती भांडेवालीला देऊ नका. पुढच्या वैशाखात गल्लीतल्या जाणत्या मावशीला बोलावून ती पुरी करून घ्या, आणि त्या वेळी घरातल्या एखाद्या मुलीला नाहीतर मुलाला शेजारी बसवा.