मणिपूरचा आई-बाजार

भगिनींनो, आपल्या पाटणच्या बाजाराला वाड्यावस्त्यांवरून बायका पाट्या घेऊन येतात. माल त्यांचा, कष्ट त्यांचे. पण बसायची जागा त्यांच्या नावची असतेच असे नाही. जिथे जागाही बाईचीच, अशा एका बाजाराची हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावीशी वाटते.

हा बाजार आपल्या देशाच्या पूर्व टोकाला, मणिपूरची राजधानी इंफाळ येथे आहे. त्याचे नाव ‘इमा कैथेल’. तिकडच्या मैतेई भाषेत इमा म्हणजे आई आणि कैथेल म्हणजे बाजार. भाजी, मासळी, हातमागाचे कापड, काहीही घ्या, विकणारी बाईच. अशा तीन हजारांवर बायका तिथे बसतात. पुरुषाने खरेदी करावी, ओझी वाहावीत. दुकान मात्र मांडायचे नाही. जागा मिळते ती लग्न झालेल्या बाईला, आणि पुढे ती लेकीकडे किंवा सुनेकडे जाते.

हे कसे घडले? मणिपूरच्या राजांच्या काळी ‘लल्लुप’ नावाची वेठ होती. प्रत्येक पुरुषाला चाळीस दिवसांतले दहा दिवस राजाच्या कामावर किंवा लढाईवर जावे लागे. मागे शेती, माग आणि बाजार बायकांनीच सांभाळला. गरजेपोटी हाती आलेले काम पुढे त्यांचा हक्क झाले.

१८९१ मध्ये इंग्रजांनी मणिपूर जिंकले. पुढे त्यांनी ही वेठ बंद केली. पण १९०४ मध्ये इंफाळात साहेबाचा बंगला जळाला, तेव्हा तो बांधून देण्यासाठी पुरुषांना पुन्हा वेठीला धरण्याचा हुकूम निघाला. बाजारातल्या हजारो बायका रस्त्यावर आल्या आणि तो हुकूम मागे घ्यावा लागला. या लढ्याला ‘नुपी लान’, म्हणजे बायकांची लढाई, असे नाव पडले.

दुसरी लढाई १९३९ सालची. आपल्या खोऱ्यासारखे तिकडेही भातच मुख्य. त्या साली अतिपावसाने पीक बुडाले, तरी व्यापारी तांदूळ बाहेर पाठवीत होते. भाव चढले, घरात चूल पेटेना. १२ डिसेंबरला बायकांनी दरबारच्या गोऱ्या अधिकाऱ्याला तारघरात अडवून धरले. महाराज बाहेरगावी होते, त्यांना तार करायला लावली. शिपायांनी संगिनी चालवल्या, कित्येक जणी जखमी झाल्या, पण त्या हटल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी तांदूळ बाहेर नेण्यास बंदी आली. तरीही बायकांनी कितीतरी महिने बाजारावर बहिष्कार ठेवला. स्वतःची कमाई बुडवून त्यांनी साऱ्या मुलखाच्या ताटातला भात राखला. १२ डिसेंबर हा दिवस मणिपुरात आजही पाळतात.

पुढे बाजाराला पक्क्या इमारती मिळाल्या. ४ जानेवारी २०१६ च्या भूकंपात त्यांना तडे गेले, तेव्हा बायका बाहेर उघड्यावर बसल्या. बाजार मोडला नाही. २०२३ च्या मे महिन्यात मणिपुरात हिंसाचार पेटला, त्याची झळ याही बाजाराला लागली.

भगिनींनो, त्या आयांना बळ आले ते एकत्र बसण्याने, आणि ती जागा आपली असल्याने. तेव्हा घराच्या उताऱ्यावर, बाजाराच्या पावतीवर आपले नाव आहे का, हे आपण प्रत्येकीने एकदा पाहावे. नसेल, तर ते घालून घ्यायला मंडळातल्या चार जणींनी सोबत जावे.