एका पाण्यांतील शेजारी

काचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस आतां शहरांतील पुष्कळ घरांत शिरली आहे. दुकानांत एकाहून एक देखणे दिसलेले मासे आपण घरीं आणतों, एकाच पाण्यांत सोडतों, आणि आठ दिवसांच्या आंत त्यांतला एखादा दिसेनासा होतो. मग मनांत प्रश्न येतो, कोणाला कोणाशेजारीं ठेवावें? हा प्रश्न घरच्या पेटीपुरता लहान वाटतो; पण जुन्या चांदा जिल्ह्यांत, म्हणजे १९८२ सालीं ज्याचे चंद्रपूर व गडचिरोली असे दोन भाग झाले त्या अरण्यप्रदेशांत, याच प्रश्नाच्या उत्तरावर कित्येक घरांची चूल अवलंबून राहिली आहे.

काचपेटीचा इतिहास मोठा नाहीं. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं सुमारें बारा गॅलन पाण्यांत दोन सोनेरी मासे व एक पाणवनस्पति ठेवून पाहिली, आणि १८५० सालीं त्या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वनस्पतीनें प्राणवायु पुरवावा व माशांनीं तो घ्यावा, असा हिशेब होता. परंतु पानें कुजूं लागलीं व पाणी गढुळलें. तेव्हां त्यांनीं त्यांत तळ्यांतल्या कांहीं गोगलगायी सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं, त्यांचीं अंडीं माशांनीं खाल्लीं, आणि पाणी निवळलें. जोडी जमत नव्हती, ती तिसऱ्यानें जमविली. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें. आपल्या मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय होण्यास १९५१ साल उजाडावें लागलें.

माशांविषयींचें कुतूहल मात्र आपल्याकडे पुष्कळ जुनें आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथांत मत्स्यविनोदाचें स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, आणि कोणाला कोणतें खाद्य रुचतें, याचा त्यांत विचार केला आहे. ज्याला दुसऱ्याचें खाणें ठाऊक, त्यालाच त्याचा शेजार ठरवितां येतो.

आतां चांद्याकडे वळूं. येथील गोंड राजांनीं तळ्यांना उत्तेजन दिलें. हीरशाह राजानें, जो तळें बांधील त्याला त्या पाण्यानें भिजेल तितकी जमीन दिली, अशी परंपरा सांगतात. चंद्रपूर शहरांतला रामाळा तलाव गोंडकाळाचीच आठवण आहे. पुढें मालगुजारांच्या ताब्यांत गेल्यामुळें या प्रदेशांतल्या शेंकडों तळ्यांना मालगुजारी तलाव हें नांव पडलें. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली व १९५१ सालीं तळीं सरकारकडे आलीं. पाणी धानासाठीं साठविलेलें. पण त्याच पाण्यावर ढीवर समाजाची उपजीविका चाले. पावसाळ्यांत सांडव्यावाटे व ओढ्यांतून मासे तळ्यांत चढत, उन्हाळ्यांत तळें आटलें कीं मरळ व मागूर चिखलांत तग धरून राहत. कारण पाण्याबाहेरची हवा घेऊन जगण्याची सोय निसर्गानें त्यांना दिली आहे. कोणता मासा कोणत्या झुडपांत अंडीं घालतो, कोण रात्रीं हिंडतो, हें ज्ञान कोणत्याही पुस्तकांत नव्हतें. तें जाळें टाकणाऱ्यांच्या तोंडीं होतें. कर्नल साईक्स यांनीं १८३९ सालीं दख्खनच्या माशांचें वर्णन केलें, तेव्हां त्यांनीं दिलेल्या शास्त्रीय नांवांत खुद्री, कोलस, पोटेल, बोगट अशा देशी बोलींतल्या शब्दांना स्थान मिळालें, तें अशाच लोकांमुळें.

अशा तळ्यांत शेजारी कोणी निवडीत नसे. मरळ लहान माशांना खाई. पण तळें मोठें, पाणवनस्पति दाट, लपावयास जागा पुष्कळ, म्हणून लहान मासेही उरत. निवड खरी सुरू झाली ती विसाव्या शतकाच्या मध्यास. कटला, रोहू, मृगळ हे झपाट्यानें वाढणारे मासे; पण ते साठलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. त्यांचें बीज पुराच्या नदींतून गोळा करावें लागे, आणि त्यांत नको त्या माशांचीं पिलेंही येत. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओरिसांत पोषग्रंथीचा अर्क टोंचून या जातीच्या माशांना बंदिस्त पाण्यांत अंडीं घालावयास लाविलें, आणि शुद्ध बीज मिळण्याचा मार्ग खुला झाला.

मग शास्त्रज्ञांनीं एका तळ्याकडे तीन मजली घराप्रमाणें पाहिलें. कटला वरच्या थरांतले सूक्ष्म जीव टिपतो, रोहू मधल्या थरांत चरतो, मृगळ तळाशीं पडलेलें कुजकें खाद्य खातो. एकाचा घांस दुसऱ्याच्या तोंडचा नाहीं. साधारणपणें दहा पिलांत चार कटला, तीन रोहू व तीन मृगळ, असें प्रमाण सांगत. १९५९ सालीं परदेशांतून चंदेरी व गवत्या हे दोन मासे आणले, त्यांत सायप्रिनस मिळाला, व १९७१ पासून सहा जातींच्या संमिश्र मत्स्यशेतीचे प्रयोग देशभर झाले. पाहुण्यांनीं मात्र थोडी अडचण केली. चंदेरी व कटला दोघेही वरच्या थरांतले, म्हणून चंदेरी फार झाला कीं कटल्याची वाढ खुंटे. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करी.

या नव्या कुटुंबांत मरळीला जागा नव्हती. पिलें सोडण्यापूर्वीं तळें साफ करण्याची रीत पडली, आणि त्यासाठीं हाताशीं होती ती मोहाची पेंड. मोहाच्या बियांचें तेल काढून उरलेल्या पेंडींत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें माशांच्या रक्तपेशी फोडतें. मीटरभर खोल पाण्याच्या हेक्टरी तळ्यास सुमारें अडीच हजार किलो पेंड टाकिली कीं जुने रहिवासी मरतात, आणि दोनतीन आठवड्यांनीं तीच पेंड खत होऊन नव्यांना पोसते. ज्या अरण्यांत मोहाचें झाड पूज्य आहे, त्याच्याच बियांनीं तेथील देशी माशांना बाहेर काढावें, हा विचित्र योगायोग होय.

उत्पन्न वाढलें, हें नाकारतां येत नाहीं. परंतु दरवर्षीं बीज विकत घेणें आलें. गवत्या माशानें ज्या पाणवनस्पति खाल्ल्या, त्यांतच लहान देशी मासे अंडीं घालीत असत. ढीवरांच्या घरीं रोज कालवणांत पडणारा लहान मासा बाजारच्या वजनकाट्यांत दिसत नव्हता, म्हणून तो गेल्याची नोंदही झाली नाहीं. शेजारच्या गोंदिया-भंडारा भागांत मनीष राजनकर व त्यांचें भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनीं ढीवरांच्या साह्यानें ही चूक उलट फिरविण्याचा यत्न चालविला आहे. बेशरमाचीं झुडपें उपटावयाचीं, देशी पाणवनस्पति पुन्हा लावावयाच्या, आणि मग माशांना परत येऊं द्यावयाचें, असा त्यांचा क्रम आहे. माशाआधीं त्याचें घर!

मोहर्ली हें ताडोबाच्या अरण्याचें दक्षिणेकडील द्वार. इरई नदीवर वीजकेंद्राच्या पाण्यासाठीं बांधलेल्या धरणाचा जलाशय या गांवाजवळ पसरला आहे, आणि आंत ताडोबाच्या तळ्यांत मगरी नांदतात. तेथें मासे, मगर, पक्षी यांचा शेजार कोणीही ठरवीत नाहीं. पाण्याचा विस्तार तो ठरवितो. आपली पेटी मात्र हातभर असते, म्हणून तेथें विस्ताराची उणीव विवेकानें भरून काढावी लागते.

तो विवेक थोडक्यांत असा. एकाच्या तोंडांत मावेल एवढा दुसरा मासा बरोबर ठेवूं नये. थंड पाण्याचा सोनेरी मासा व उष्ण पाण्याचे मासे एकत्र करूं नयेत. थव्यानें राहणारे मासे निदान सहा तरी आणावेत. एकटा मासा भेदरतो किंवा भांडतो. लढाऊ माशाचे दोन नर एका पेटींत कधींही नकोत. वर, मध्यें व तळाशीं राहणाऱ्यांची वांटणी करावी, आणि लपावयास वनस्पति द्यावी. हौस फिटली, तर ते मासे गांवच्या तळ्यांत कदापि सोडूं नयेत. परक्या माशानें एका पाण्यांत एकदां घर केलें, कीं मूळच्या रहिवाशांना तें परत मिळवून देणें फार कठीण असतें. आणि तेथें शेजार कोणाचा असावा, हें ठरविण्याचा अधिकार त्या तळ्यावर जगणाऱ्यांना आपल्यापेक्षां अधिक आहे.